जांभळ्या ठिपक्याचा टायर

दवाखान्यात आजारी माणसाला भेटायला जाताना लोक मोसंबी नेतात. जालन्यात तर नेतातच. मी टायर नेला. मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा, एकोणीस इंची, नवाकोरा, माझ्या बायकोच्या जुन्या शालीत गुंडाळलेला... दारावरच्या वॉचमननं विचारलं, "हे काय हाय?" मी चेहरा जमेल तितका पाडून म्हणालो, "पेशंटच्या कमरेला आधार." त्या भल्या माणसानं हळहळत मला आत सोडलं. खोलीत गुणादादा उशीला टेकून वाटच पाहत होता. अंग निम्मं झालेलं, डोळे पिवळट, पण शालीखालचा गोल आकार पाहिला आणि ते डोळे लुकलुकले. "दार लाव आधी," म्हणाला. मग टायर मांडीवर घेतला, नाक लावून खोल वास घेतला, नखानं रबर दाबून पाहिलं, बाजू वाकवून भेगा पडतात का ते बघितलं. "ताजा हाय. बाजू नरम हाय. पास." एवढ्यात सिस्टर आल्या. मी टायरवर शाल ओढली, पण हा शांतपणे म्हणाला, "सिस्टर, ते जांभळं औषध असंल ना तुमच्याकडं? तोंड आल्यावर लावत्यात ते?"

"तोंड आलंय का काका?"

"मला न्हाई. ह्याला." आणि त्यानं शाल बाजूला केली.

सिस्टरांनी टायरकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि कापसाच्या बोळ्यावर औषध आणून दिलं. गुणादादानं टायरच्या बाजूवर एक जांभळा ठिपका लावला, फुंकर मारून वाळवला. "दिन्या, दिवाळीला बसव. पण विचारून." मी म्हणालो, "कुणाला विचारू?" तो म्हणाला, "इतकी वर्षं मी कुणाला विचारून राह्यलो?" आणि थकून डोळे मिटले. पुढच्या आठवड्यात तो गेला.

गुणवंत माझा मामेभाऊ. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा आणि पेशानं गुरांचा डॉक्टर. नोकरीची बहुतेक वर्षं त्यानं वाटूरच्या आसपास काढली. ज्यांनी परतूर तालुक्यातली काळी माती पाहिली आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून पटणार नाही. पावसाळ्यात ती माती चाकाला नुसती लागत नाही, चाकावर हक्क सांगते. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये ती अशी ठासून बसते की गाडी जागच्या जागी खुंटते. खाली उतरून खुरप्यानं खरवडायचं, दहा पावलं जायचं, पुन्हा खरवडायचं. अशा मुलखात गुणादादा फिरायचा तो एका जुन्या इंग्रजी बनावटीच्या लष्करी मोटरसायकलवर. लिलावातून कुणीतरी आणलेली, त्याच्याकडून कुणीतरी घेतलेली, आणि शेवटी याच्या दारात येऊन उभी राहिलेली. उंच, रुंद हँडलची, तेलानं काळी पडलेली. सुरू झाली की शेजारच्या घरातली भांडी वाजायची. तिचे पार्ट बनवणारे लोक इंग्लंडात म्हातारे होऊन गेले असावेत. पण गुणादादाला त्याची फिकीर नव्हती. "पार्ट विकत मिळत न्हाई, तर मंग विचारपूस करायची," असं तो म्हणायचा. एखाद्या गावात म्हैस तपासून झाली, हात धुतले, चहा आला, की याचा प्रश्न ठरलेला: "गावात कुठं जुनी फटफटी पडून हाय का?"

टायरच्या बाबतीत तर तो मुलगी द्यायला निघालेल्या बापाइतका चिकित्सक होता. पुढचा टायर उभ्या रेघांचा, मागचा गट्टूंचा, म्हणजे उंच रबरी ठोकळ्यांचा. "पुढचा शहाणा पाहिजे, वाट धरणारा. मागचा दांडगा पाहिजे, रेटणारा. दोन्ही शहाणे असले तर गाडी हालत न्हाई, दोन्ही दांडगे असले तर वळत न्हाई." गट्टूंमध्ये अंतर किती, यावर तो तासभर बोलू शकायचा. जवळजवळ गट्टू असले तर फटीत माती बसते आणि टायरचा गुळगुळीत गोळा होतो. लांब लांब असले तर चाक फिरताना माती आपोआप झडते. म्हणून पावसाळ्याचा मागचा टायर वेगळा, उन्हाळ्याचा वेगळा. मृग निघाला की एक चढायचा, दिवाळीला तो उतरून दुसरा. शेतकऱ्याचं जसं खरीप-रब्बी, तसं याचं. आणि पसंत पडलेल्या प्रत्येक टायरवर, प्रत्येक पार्टवर जांभळा ठिपका. गुरांच्या जखमांना लावायचं ते औषध त्याच्या पिशवीत कायम असायचं. तपासून झालेल्या जनावराच्या शिंगावर तो त्याच औषधानं खूण करायचा, तशीच ही.

आता मूळ गोष्टीकडं येतो. ही गोष्ट मी लग्नाकार्यात इतक्या वेळा सांगितली आहे की माझी मुलं सुरुवात ऐकताच उठून जातात. तुम्ही बसा.

जालना जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. जिल्हा नवा, बियाण्याच्या कंपनीतली माझी नोकरी नवी, तेव्हा आता नवरीही पाहावी असं घरात ठरलं. माझे वडील नव्हते, म्हणून मोठा म्हणून बरोबर आला गुणादादा. स्थळ राजूरचं. मुलीचे वडील दामूअण्णा, गणपतीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं किराणा दुकान, मागं घर, त्यामागं गोठा. आम्ही एसटीनं गेलो, कारण गुणादादाची गाडी कित्येक महिने बंद होती. तिचं मॅग्नेटो गेलं होतं. मॅग्नेटो म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र. ते नाही तर गाडी म्हणजे नुसतं लोखंड. त्यासाठी त्यानं नांदेड पालथं घातलं होतं, हैदराबादला माणसं पाठवली होती, जालन्याच्या पोलाद कारखान्यांत वितळायला येणारे भंगाराचे ढीग उपसले होते. रात्रंदिवस त्याच्या डोक्यात तेच होतं, आणि मी मूर्ख समजत होतो की तो माझ्या लग्नाचा विचार करतोय.

पोहे आले, पाठोपाठ सुमन आली. मी मान वर केली, आणि खरं सांगतो, मला पुढचं फारसं आठवत नाही. एवढंच आठवतं, तिनं आपणहून विचारलं, "बियाण्याच्या कंपनीत म्हणजे, बियाणं ओळखता येतं का तुम्हाला, का नुसती बिलं करता?" बायकांत खसखस पिकली. मी म्हणालो, "बिलं करतो." ती म्हणाली, "बरं." त्या एका 'बरं'वर मी घायाळ झालो. शेजारी पाहिलं तर गुणादादा जागेवर नव्हता. हात धुवायला म्हणून मागं गेला होता, तो बराच वेळ येईना. आला तेव्हा डोक्यात कडब्याची पानं, शर्टाला कोंबडीचं पीस, आणि चेहऱ्यावर असा उजेड की मला वाटलं याला गोठ्यात गणपतीनं दर्शन दिलं. त्यानं दामूअण्णांचे दोन्ही हात धरले आणि भरल्या बैठकीत म्हणाला,

"अण्णा, बाकीची बोलणी मागून करू. आधी त्या गाडीचं बोला. ती गाडी आम्हाला पाहिजे."

लग्नाच्या बोलणीत वरपक्षानं गाडी मागितली की तिचा एकच अर्थ होतो, आणि तो तेव्हाच्या प्रत्येक मुलीच्या बापाला पाठ होता. दामूअण्णांचा चेहरा उतरला. "डॉक्टरसाहेब," ते हळू म्हणाले, "निरोपातच सांगितलं होतं, देण्याघेण्याचं आपल्याकडनं जमायचं न्हाई."

"सगळी नका देऊ ना! थोडी दिली तरी बास!"

"थोडी गाडी?"

"अन् नवी बिलकुल नको. जुनीच द्या. टायर बी पाह्यले मी, वास घेऊन."

मी त्याच्या शर्टाचं टोक ओढत होतो, पण तो स्वर्गात होता. तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला. आवाज सुमनचा. "बाबा, ह्यांना म्हणावं, गाडीलाच हार घाला अन् तिलाच घेऊन जा!" पोह्यातला शेंगदाणा माझ्या घशात अडकला. आणि मग कोपऱ्यातून दुसरा आवाज आला, बारीक, थरथरता. दामूअण्णांची थोरली भावजय, सगळे त्यांना काकू म्हणत. गोठ्यातली ती गाडी म्हणजे त्यांच्या मालकांची जुनी फटफटी, गुणादादाच्या गाडीच्याच जातीची. फौजेतून आलेल्या त्या गृहस्थांनी हौसेनं घेतलेली. ते गेल्यावर काकूंनी ती कडब्याखाली झाकून ठेवली होती आणि कुणाला हात लावू दिला नव्हता. "माझ्या मालकाच्या गाडीवरचा कडबा काढला ह्यांनी?" एवढंच त्या म्हणाल्या.

गुणादादाचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा विझला. दामूअण्णा उठून उभे राहिले, हात जोडले आणि फार अदबीनं म्हणाले, "जालन्याची एसटी आत्ताच हाय."

एसटीत गुणादादा एक शब्द बोलला नाही. हा माणूस झोपेतही बोलायचा, तेव्हा ते गप्प बसणं मला बरं वाटेना. जालन्याचा स्टँड आला तेव्हा म्हणाला, "दिन्या, हुंड्याचं मी समजावून सांगंन. ती काय, गैरसमजाची गोष्ट हाय. पण त्या बाईला न विचारता मी कडबा काढला... ते कसं सांगू?" मी म्हणालो, "ते तू बघ. मला फक्त इतकं कळतंय, लग्न केलं तर ह्याच मुलीशी. न्हाईतर आयुष्यभर बिलं करत बसंन." त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "हार गाडीला घाला म्हणाली, तिच्याशी?" "हो, तिच्याशीच." "मंग जावं लागंल," तो म्हणाला.

चतुर्थीच्या दिवशी आम्ही पुन्हा राजूरला गेलो. देवळाच्या गर्दीतून वाट काढत दुकानापाशी पोहोचलो तर दामूअण्णा गिऱ्हाइकात. आम्हाला पाहून त्यांनी तराजू खाली ठेवला, पण रागावले नाहीत. दारी आलेल्या माणसाला 'या' म्हणणारा माणूस. गुणादादा त्यांच्याशी न बोलता सरळ आत गेला आणि काकूंच्या समोर जमिनीवर बसला. मी दारात. सुमन चुलीपाशी, पाठ करून, पण कान इकडं.

"काकू, मी गुरांचा डॉक्टर. कुणाच्या दावणीच्या जनावराला मालकाला विचारल्याबिगर हात लावत न्हाई. तुमच्या गाडीला लावला. चुकलं माझं. आता गणपतीसमोर शपथ घेऊन आलोय, तुमच्या गाडीला पुन्हा हात लावणार न्हाई. हुंडा आम्हाला नको, कधीच नको होता. माझ्या घरी ह्याच जातीची एक हाय... मॅग्नेटो गेलं, आंधळी झालीय बिचारी. तुमची पाहून माझं भान सुटलं."

काकूंनी गोठ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमची चालू होती तवा आवाज कसा करायची?"

आणि गुणादादानं, वर्ग दोनचे पशुवैद्यकीय अधिकारी, परतूर तालुका, यांनी भर दुपारी, मांडी घालून, तोंडानं मोटरसायकल सुरू केली. आधी किक. मग एक खोकला. मग "धप्... धप्... धप्-धप्-धप्..." गाल फुगवून, मान हलवत. दुकानातली गिऱ्हाइकं दारात जमली. दामूअण्णांनी कपाळावर हात मारला. सुमननं तोंडाला पदर लावला होता आणि तिचे खांदे गदगदत होते. काकूंनी मात्र डोळे मिटले होते. थोड्या वेळानं हात वर करून त्या म्हणाल्या, "जरा हळू. मालक हळू चालवायचे." गुणादादानं वेग कमी केला. धप्... धप्... धप्... एकेक ठोका सुटा सुटा. त्या घरात तेव्हा कुणी हसत नव्हतं. गाडी बंद झाली तेव्हा काकूंनी डोळे पुसले आणि दिराकडं वळून म्हणाल्या,

"अण्णा, ही माणसं हुंड्याची न्हाईत. येडी हायेत. पोरगी द्या."

दामूअण्णा म्हणाले, "पोरीला तर विचारा." गुणादादानं पिशवीतून जांभळ्या औषधाची बाटली काढली आणि सुमनपुढं ठेवली. "ताई, मला माल पसंत पडला की मी ठिपका लावतो. आज तुम्ही पाहून घ्या. वास घ्यायचा का न्हाई, ते तुमच्यावर." सुमननं बोटाला औषध लावलं, माझ्याकडं आली, मला वरपासून खालपर्यंत निरखलं, बाजारात आलेल्या बैलासारखं. मग माझ्या उजव्या कानाच्या पाळीवर ठिपका टेकवला आणि म्हणाली, "बिलं करणारा का असंना. पास." ते औषध किती चिवट असतं हे तुम्हाला ठाऊक नसेल. पुढं कित्येक दिवस ऑफिसात लोक विचारायचे, "कानाला काय झालं हो?" मी म्हणायचो, "लग्न ठरलं."

लग्नात अंतरपाट खाली आला तेव्हा माझी पहिली नजर सुमनच्या चेहऱ्यावर नाही, हातांवर गेली. हळद, मेंदी, हिरव्या बांगड्या, आणि नखांमध्ये काळंकुट्ट तेल! मी घाबरलोच. वाजंत्र्यांच्या आवाजात विचारलं, "हे काय?" ती ओठ न हलवता म्हणाली, "थांबा जरा." मग आहेराच्या वेळी काकू उठल्या, खणात गुंडाळलेली एक जड वस्तू घेऊन थेट गुणादादापुढं आल्या. त्यानं खण उघडला. आत मॅग्नेटो. तो दोन पावलं मागं सरला, "काकू, शपथ हाय माझी, मी हात..." काकू म्हणाल्या, "तुम्ही कुठं लावला? म्या सांगितलं, पोरीनं काढलं. मालकाचीच अवजारं, मालकाचाच पाना. गाडी झाकून ठेवून मला तिचा आवाज कुठं येत होता? तुमची तरी वाजू द्या." माझा भाऊ, ज्याला मी अडलेल्या म्हशीपुढं कधी डगमगताना पाहिलं नव्हतं, तो भर मांडवात खणात तोंड लपवून रडला. मग त्याच आहेराच्या ताटातलं कुंकू घेऊन त्यानं मॅग्नेटोला ठिपका लावला, कारण बाटली वाटूरला राहिली होती.

गाडी सुरू झाल्यावर तो पहिल्यांदा गेला तो राजूरला. काकूंच्या दारापुढून हळू, फार हळू, दोन फेऱ्या मारून आला.

त्या दिवसापासून त्यानं एक कायदा केला आणि मरेपर्यंत पाळला. जुन्या गाडीचा पार्ट हवा असेल तर आधी त्या घरातल्या बाईला विचारायचं. पुरुष 'न्या' म्हणतील, अडगळ गेली म्हणतील, पण घरातली बाई 'हो' म्हणेपर्यंत नटाला पाना लावायचा नाही. मी पाहिलं आहे, उत्तम स्थितीतला पेट्रोलचा टँक समोर असताना, आतून होकार आला नाही म्हणून हा रिकाम्या हातानं परतला. आणि जिथं होकार आला तिथून पार्ट मागून येत राहिले, एसटीच्या टपावरून, फडक्यात बांधून, कंडक्टरच्या हाती निरोपासकट. पुढं पुढं लांबचे लोक कुठला पार्ट कुठं मिळेल हे त्यालाच विचारत यायला लागले, आणि ज्यांना गरज असेल त्यांना तो ठिपका लावून पार्ट देऊन टाकायचा.

हाच कायदा त्याच्या स्वतःच्या घरालाही लागू होता. गाडी त्याची, टायर त्याचा, पण मृगाला आणि दिवाळीला, टायर काढण्याआधी, तो अंगणातून स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारायचा, "बदलू का?" वहिनी भाकरी थापता थापता, मान न वळवता म्हणायच्या, "बदला." मग कामाला लागायचा. मी त्यावरून त्याला फार छळलं आहे. "नाही म्हणाल्या तर काय करशील?" तो म्हणायचा, "मंग न्हाई बदलणार. तिनं कधी न्हाई म्हटलं न्हाई म्हणून तर विचारतो."

एकदा मी त्याच्या मागच्या सीटवरून जांब समर्थच्या वाटेनं गेलो होतो. नव्वदीनंतरची गोष्ट, तोवर नव्या हलक्या गाड्या घरोघर आल्या होत्या आणि याच्या फटफटीला लोक हसायचे. एका वस्तीवर म्हैस विताना अडली होती. वाटेवर त्या नव्या गाड्या चिखलात खुंटून रांगेनं उभ्या, त्यांचे मालक काड्यांनी मडगार्ड उकरतायत, आणि आम्ही धप्-धप् करत मधून चाललो. मागचं चाक चिखल उडवत होतं तो सगळा माझ्या पाठीवर. मी ओरडलो, "दादा, माती माझ्यावर येऊन राह्यली!" तो खुशीत ओरडला, "म्हणजे गट्टूंतून बराबर झडून राह्यली!" म्हैस वाचली, रेडकूही वाचलं. माझा शर्ट तेवढा गेला.

तो गेल्यानंतरच्या दिवाळीत आम्ही वाटूरला गेलो, सुमन आणि मी. गाडी शेडमध्ये उभी होती, पावसाळ्याचा टायर अजून चढवलेला. पावसाच्या सुरुवातीला, आजार कळायच्या आधी, तो जी शेवटची फेरी करून आला होता तिची माती गट्टूंच्या बुडाशी वाळून बसली होती. भिंतीला नवा टायर टेकलेला, शालीतून काढलेला, ठिपक्यासकट. सुमननं पदर खोचला, पाने मांडले. हे काम ती माझ्यापेक्षा कितीतरी बरं करते. मी गाडी स्टँडवर घेतली, वाकलो, आणि तिनं माझा हात धरला. डोळ्यांनी घराकडं खूण केली.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातांना पीठ लागलेलं. अंगणाकडं पाहत नुसत्या उभ्या... आणि दवाखान्यातलं ते "विचारून" मला तेव्हा कळलं. त्याला भीती टायरची नव्हती. यंदा अंगणातून कुणी विचारणार नाही, आणि दिवाळी तशीच निघून जाईल, याची होती.

मी सरळ उभा राहिलो आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून अंगणातून विचारलं, "वहिनी... बदलू का?"

त्या पिठाचा हात तसाच धरून गाडीकडं पाहत राहिल्या. मग आत वळल्या. थोड्या वेळानं परातीवर भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला, आणि त्या आवाजातून, नेहमीसारखं, मान न वळवता,

"बदला."